मशीन कपडे धुते, पण पाणी सोडत नाही आणि पिळत नाही: कार्ड बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: साडेसहा किलोची टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक मशीन, सहा वर्षं वापरातली, पाणी बोअरचं. पाणी नीट भरतं, कपडेही धुतले जातात, पण धुऊन झाल्यावर टबातलं पाणी तसंच राहतं किंवा अगदी सावकाश उतरतं. खालून थोडा वेळ घरघर ऐकू येते, मग बीप वाजून मशीन थांबते. मेकॅनिकने मागचं झाकण न उघडताच ‘कार्ड गेलंय’ (म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडलंय) असं सांगितलं. कार्ड बदलावं का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांतच कार्ड चांगलं असल्याचा बराच पुरावा आहे. पाणी ठरलेल्या पातळीला थांबतं, म्हणजे पातळी मोजणारा सेन्सर आणि पाणी आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हचा भाग चालू आहे. पल्सेटर (ड्रमच्या तळाची फिरती चकती) दोन्ही दिशांना फिरतो, म्हणजे मुख्य मोटर, तिला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर आणि मोटरला सप्लाय देणारा कार्डाचा भाग चालू आहे. ठरावीक वेळात पाणी उतरलं नाही हे ओळखून मशीन बीप देते, म्हणजे प्रोग्रामही शाबूत आहे. राहिला फक्त पाणी सोडणाऱ्या ड्रेन मोटरला सप्लाय देणारा छोटा भाग, आणि तो चालतो की नाही हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. ते न तपासता कार्ड गेलं म्हणणं हा निव्वळ अंदाज आहे. ड्रेन मोटर काही शे रुपयांत येते, कार्डाचा खर्च हजारांत जातो. म्हणून हा अंदाज तुमच्या खर्चाने पडताळून पाहायचं कारण नाही.

पाणी न जाणं आणि न पिळणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण पट्ट्यावर चालणाऱ्या टॉप लोड मशीनमध्ये बहुतेक वेळा त्या एकच असतात. खाली एक छोटी ड्रेन मोटर असते. तिची दांडी खेचली गेली की एकाच वेळी दोन गोष्टी होतात: ड्रेन व्हॉल्व्हचं रबर मागे सरकून पाण्याला वाट मिळते, आणि त्याच दांडीला जोडलेला लिव्हर गिअरबॉक्सचा ब्रेक सोडवून क्लच लावतो. क्लच लागला तरच पल्सेटरबरोबर आतला ड्रम फिरतो. त्यामुळे ही दांडी पूर्ण खेचली गेली नाही तर पाणी अडकतं आणि ड्रमही फिरत नाही. शिवाय टबात पाणी आहे असं सेन्सरने सांगितलं की कार्ड स्पिन सुरूच करत नाही. म्हणून आधी पाण्याचा मागोवा घ्यायचा, पिळण्याचं नंतर बघायचं.

काम सुरू करण्याआधी टबातलं पाणी मगाने किंवा नळी लावून काढा आणि कपडे बाहेर घ्या. मग बादलीभर स्वच्छ पाणी टबात ओता, वॉश आणि रिन्स शून्यावर ठेवून फक्त स्पिन लावा आणि झाकण बंद करून मशीनच्या मागच्या खालच्या बाजूला कान द्या. सगळं ठीक असेल तर काही सेकंदांत ‘टक्’ आवाज, बारीक घर्र, आणि लगेच पाइपातून पाणी जोरात सुटल्याचा आवाज येतो. इथून तीन वाटा फुटतात. काहीच आवाज नाही; आवाज आहे पण पाणी नाही किंवा थेंबथेंब; पाणी सगळं जातं पण ड्रम फिरत नाही. तुमची मशीन दुसऱ्या वाटेवरची आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

आवाज येतो पण पाणी जात नाही

सगळ्यात आधी पाइप बघा, मशीन उघडूच नका. बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप नसतो. पाणी आपल्या उताराने जातं. त्यामुळे ड्रेन पाइप जमिनीलगतच हवा. वाटेत तो वीतभर वर उचलला गेला, मोरीच्या उंच उंबऱ्यावरून नेला किंवा बेसिनच्या पाइपात खोचला, की तेवढ्या उंचीचं पाणी टबात राहतंच. (ज्या थोड्या टॉप लोडमध्ये पंप असतो, तिथे पाइपाची उंची माहितीपुस्तिकेत दिलेली असते.) पाइपाचं तोंड नहाणी ट्रॅपच्या पाण्यात बुडालं असेल तर हवा अडते आणि पाणी रखडतं. तोंड पाण्याच्या वर मोकळं ठेवा. मशीन बाल्कनीत हलवताना पाइपाला जोड दिला असेल, तर जोडाच्या जागी गाळ धरतो. पाइप काढून नळाखाली धरा आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आत किती जमलाय ते बघा. पाइप पिचका झाला असेल तर नवा घ्या.

पाइप साफ निघाला तर ड्रेन व्हॉल्व्ह. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळ बंद करा. मागचं झाकण चार-सहा स्क्रूंवर असतं. काही मॉडेलना व्हॉल्व्हपर्यंत खालूनच हात जातो. अशी मशीन दोघांनी मिळून गोधडीवर आडवी करा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. मोटरचा कपॅसिटर दिसेल; प्लग काढल्यावरही त्यात चार्ज असू शकतो. होल्डरला दोन वायर लावलेला साधा पिवळा बल्ब त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावला की तो उतरतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची सवय अनेकांना असते. त्यात कपॅसिटरही बिघडतो आणि माणसाला इजाही होते.

व्हॉल्व्ह म्हणजे टबाच्या तळाशी, पाइप सुरू होतो तिथे असलेलं मुठीएवढं प्लास्टिकचं घर. मोटरच्या दांडीचा हूक आधी सोडवा, मग घराचं टोपण थोडं फिरवा, लॉक सुटतं. खाली परात ठेवा, उरलेलं पाणी सांडतंच. आतून स्प्रिंग आणि भात्यासारखं काळं रबर बाहेर येतं, त्याला दुकानात ‘ड्रेन बेलो’ म्हणतात. अडकलेल्या वस्तू इथेच सापडतात: एक-दोन रुपयांची नाणी, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, अंतर्वस्त्रातली तार, सुताचा गोळा, खिशातल्या कागदाचा लगदा. नाणं आडवं बसलं की पाणी बाजूने झिरपत राहतं. तुमचं ‘सावकाश उतरतं’ हे वर्णन त्याला बरोबर जुळतं.

रबर धुऊन उजेडात धरा. त्याची पुढची गोल कड बोटाने सावकाश फिरवून बघा. ती गुळगुळीत आणि लवचीक हवी. कडेला चीर असेल, खडा रुतला असेल किंवा रबर कडक झालं असेल तर बदला. इथे निष्काळजीपणा केला तर उलटीच तक्रार सुरू होते: व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पाणी एकीकडून भरतं आणि दुसरीकडून जातं, धुणं सुरूच होत नाही आणि मशीन पाणी येत नसल्याचा एरर देते. मग लोक नळाचा दाब आणि इनलेट व्हॉल्व्ह तपासत बसतात. रबर परत बसवताना खाच खाचेला जुळवा, टोपण लॉक झाल्याचं जाणवेपर्यंत फिरवा आणि हूक विसरू नका.

व्हॉल्व्हही साफ असेल तर मोटर जोर लावते का ते बघायचं. या मोटरच्या आत बारीक प्लास्टिकचे गिअर असतात. दात झिजले की मोटर फिरते, आवाज येतो, दांडी अर्धी सरकते आणि निसटून परत येते. आवाज नेहमीच्या एकसारख्या घर्रऐवजी करकरता असतो. मागचं झाकण उघडं ठेवून, हात पूर्ण लांब ठेवून, कोणाला तरी स्पिन लावायला सांगा आणि दांडीकडे बघत राहा. ती एका दमात शेवटपर्यंत खेचली जाऊन तिथेच धरून राहिली पाहिजे. तशी राहत नसेल तर मोटर बदला. जुनी मोटर दुकानात घेऊन जा. जोडायची पिन, दांडी किती सरकते आणि स्क्रूंची जागा मॉडेलप्रमाणे बदलते.

त्याआधी घरातला व्होल्टेजही मोजा. संध्याकाळी पाण्याचे पंप सुरू झाले की अनेक गावांत व्होल्टेज बरंच खाली येतं. तेव्हा ही मोटर अर्धवट खेचते आणि सकाळी तीच मशीन नीट चालते. दोष वेळेनुसार येत-जात असेल तर पार्ट बदलण्याआधी स्टॅबिलायझरचा विचार करा.

एक शक्यता त्रासाची आहे. आतला ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या फटीतून लहान मोजा किंवा रुमाल खाली उतरतो आणि पाणी जायच्या तोंडावर वरून बसतो. व्हॉल्व्ह रिकामा असतो, पण पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्ह काढलेला असताना तारेचा वाकवलेला हूक आत घालून बघा, कधी कधी कापडाचं टोक हाती लागतं. नाही लागलं तर ड्रम काढावा लागतो. त्याचा मोठा नट खास पान्याशिवाय सुटत नाही, आणि ठोकून काढायला गेलं तर खालची अॅल्युमिनियमची बैठक तडकते. ते मेकॅनिकचंच काम.

काहीच आवाज नाही

ड्रेन मोटरला सप्लाय पोचतो का, हा इथे एकच प्रश्न. प्लग काढून मोटरचा जोड सोडवा आणि मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवा. घरगुती मशीनच्या एसी ड्रेन मोटरचं रीडिंग साधारण काही किलोओहम येतं. रीडिंगच येत नसेल तर वाइंडिंग तुटलंय, मोटर बदला. रीडिंग ठीक असेल तर ड्रेन चालू असताना जोडावर एसी व्होल्टेज मोजायचं. हे जिवंत सप्लायवरचं काम आहे. सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि नेमकं हेच मोजायला सांगा. 220-240 व्होल्ट येतात आणि मोटर हलत नाही, तर दोष मोटरचा. व्होल्ट येतच नाहीत, तर आधी वायर बघा.

वायरचा विषय आपल्याकडे म्हणजे उंदीर. टॉप लोडचा तळ उघडा असतो, पावसाळ्यात उंदीर उबेला आत शिरतात आणि ड्रेन मोटरच्या वायरी त्यांच्या अगदी तोंडाशी असतात. कुरतडलेला जोड टेपने गुंडाळून चालत नाही, तिथे पाणी उडतं. वायर सोल्डर करून वरून हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, आणि तळाला जाळी लावून घ्या. कार्डापासून मोटरपर्यंत वायर सलग आहे, वरच्या झाकणाचा स्विच ठीक आहे आणि तरीही व्होल्ट येत नाहीत, एवढं सिद्ध झालं तरच कार्डाकडे बोट दाखवता येतं. तेव्हाही बहुधा एक ट्रायॅक (कार्डावरचा, सप्लाय चालू-बंद करणारा छोटा पार्ट) गेलेला असतो. कार्डावर लाखेसारखा थर ओतलेला असला तरी कार्ड दुरुस्त करणारे तो खरवडून ट्रायॅक बदलतात. नवं कार्ड घ्यायच्या आधी एकदा विचारून बघा.

पाणी जातं, पण ड्रम फिरत नाही

वरचं सगळं करून पाणी धडधडा जायला लागलं आणि तरी पिळणं होत नसेल तर पुढे बघायचं. वरचं झाकण बंद असूनही मशीनला ते उघडं वाटतंय का? डिस्प्लेवर तसा एरर असतो. जुन्या मशीनमध्ये पट्टीचा स्विच, नव्यांत चुंबकाचा.

मग प्रेशर पाइप. टबाच्या तळाशी एक हवेची पोकळी असते, तिच्यापासून वर सेन्सरपर्यंत बोटापेक्षा बारीक नळी जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि सेन्सर त्यावरून पातळी ओळखतो. बोअरचं पाणी आणि जास्त पावडर यांचा चिकट गाळ त्या पोकळीत बसला की दाब अडकून राहतो. टब कोरडा, पण सेन्सर म्हणतो पाणी आहे. याची खात्री करणं सोपं आहे: प्लग काढून नळी सेन्सरवरून सोडवा, मग फक्त स्पिन लावा. आता ड्रम फिरला तर दोष नळीत किंवा पोकळीत. या अवस्थेत पाणी भरणारा प्रोग्राम चुकूनही लावू नका. सेन्सरला पातळी कळणारच नाही आणि पाणी घरभर होईल. नळी साफ करताना फुंकर टबाच्या दिशेने मारायची, सेन्सरमध्ये मारली तर त्याचा पडदा फाटतो.

क्लचची परीक्षा हाताने होते. प्लग काढलेला असताना ड्रेनची दांडी हाताने पूर्ण खेचून धरा आणि दुसऱ्याला ड्रम फिरवायला सांगा. तो स्पिनच्या दिशेने सहज फिरला पाहिजे. दांडी सोडली की ब्रेक धरला पाहिजे. खेचूनही ड्रम जाम असेल तर लिव्हर गंजलाय किंवा ब्रेक अडकलाय. ड्रम मोकळा आहे, पण स्पिनमध्ये नुसता पल्सेटरच गरगरतो, तर क्लचची स्प्रिंग लागत नाही. धुताना ड्रमही पल्सेटरबरोबर पूर्ण गोल फिरत असेल तर दांडी परत जागेवर जात नाही. किंचित हलणं मात्र नेहमीचं आहे.

पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटिमीटर दबावा. जास्त दबत असेल तर मोटरचे बोल्ट सैल करून मोटर मागे सरकवा. कपॅसिटरवर तुमच्या बाबतीत संशय घ्यायचं कारण नाही, कारण धुणं आणि पिळणं एकाच मोटरचं काम आहे आणि धुणं चांगलं होतंय. ज्यांच्या मशीनमध्ये मोटर नुसती हुंकार देते आणि पल्सेटरला हाताने गती दिल्यावर फिरते, त्यांनी तो मोजावा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरत असेल तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच हवा आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. पंख्याचा अडीचचा कपॅसिटर इथे चालत नाही. इन्व्हर्टर डायरेक्ट ड्राइव्ह (ड्रमला थेट मोटर जोडलेल्या) मशीनमध्ये पट्टाही नसतो आणि हा कपॅसिटरही नसतो.

ड्रम फिरायला लागतो, आपटतो, मशीन पुन्हा पाणी घेते आणि शेवटी अनबॅलन्सचा एरर देते, ही वेगळी गोष्ट. एकटी सोलापुरी चादर किंवा एकटी जीन्स टाकली की भार एका बाजूला जातो. रेनकोट, ताडपत्री असं पाणी न झिरपणारं काही स्पिनमध्ये टाकूच नका. त्यात पाणी साठून राहतं, मग अचानक सुटतं आणि ड्रम उसळतो. बाथरूमची फरशी मोरीकडे उतरती असते, म्हणून लेव्हल लावून पाय फिरवा आणि लॉक नट घट्ट करा. रिकाम्या टबाचा एक कोपरा दाबून सोडा. एकदा वर-खाली होऊन थांबला तर ठीक, डुलत राहिला तर टबाला पेलणारे सस्पेन्शन रॉड थकलेत. ते चारही एकदम बदला. चाकांचा स्टँड स्पिनच्या वेळी त्रासच देतो.

दुसऱ्या प्रकारच्या मशीनचं थोडक्यात. फ्रंट लोडमध्ये पाणी पंपाने बाहेर पडतं, त्यामुळे तिथे नियम उलटा: पाइप साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर हवा. पुढच्या खालच्या कोपऱ्यातल्या झाकणामागे फिल्टर असतो. गरम पाण्याचा प्रोग्राम झाल्यावर लगेच उघडू नका, आधी बाजूच्या छोट्या नळीने पाणी काढा, मग फिल्टर फिरवा आणि आतलं पंपाचं पातं बोटाने फिरतं का बघा. एरर बहुतेक ओई किंवा 5ई, 5सी असा येतो: पहिला एलजीचा, पुढचे दोन सॅमसंगचे, अर्थ तोच, पाणी जात नाही. सेमी ऑटोमॅटिकमध्ये ड्रेन व्हॉल्व्ह नॉबच्या दोरीने उघडतो. दोरी सैल झाली की पाणी अडतं. ड्रायरची मोटर आणि कपॅसिटर वेगळे असतात. ड्रायर फिरत नसेल तर झाकणाचा स्विच आणि ब्रेकची तार आधी बघा.

बोअरच्या पाण्याचा इलाज मात्र करायलाच हवा, नाहीतर वर्षभरात पुन्हा इथेच याल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो असं धरलं आहे. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी याच्याही वर असतं. अशा पाण्यात साबणाचा फेस कमी होतो, म्हणून माणूस पावडर वाढवतो आणि न विरघळलेली पावडर क्षारांबरोबर व्हॉल्व्हमध्ये बसते. पावडर आधी कोमट पाण्यात विरघळवून टाका. दर दोन महिन्यांनी कपड्यांशिवाय कोमट पाणी भरून 100 ग्रॅम लिंबूसत घाला, दहा मिनिटं फिरवा, तासभर भिजू द्या आणि दोनदा साफ पाण्याने काढा. त्या दिवशी ब्लीच वापरू नका, आम्लाशी मिळून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. संडास साफ करायचं अॅसिड तर कधीच नको. ते स्टीलचा ड्रम आणि त्याखालची अॅल्युमिनियमची बैठक दोन्ही खातं.

सगळं जोडून झाल्यावर मागचं झाकण लावायची घाई करू नका. कमी पातळीवर पाणी भरा, मशीन थांबवून प्लग काढा, व्हॉल्व्हखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा आणि दहा मिनिटांनी बघा. कागद ओला असेल तर टोपण किंवा रबराची कड नीट बसलेली नाही, पुन्हा उघडा. कोरडा असेल तर स्पिन लावून पाणी सुटतं का आणि ड्रम वेग घेतो का ते बघा, परत प्लग काढा, वायरी पट्ट्यापासून लांब बांधा आणि मग झाकण बसवा.